अन्वर सर आणि ब्रेक नसलेली गाडी

वाळवंटात राहून बर्फावरचा खेळ शिकवणारा माणूस तुमच्या ओळखीचा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिडक्या बंद असूनही दोह्याच्या घरात वाळू साचते, तसे ते साचत जातात. आम्ही चौघं शिष्य भेटलो की कुणीतरी म्हणतं, "ते खालाचं सांग ना," आणि पुढचा तासभर तेच चालतं. दर वेळी मीठमसाला थोडा वाढतो. म्हटलं, फार तिखट व्हायच्या आत लिहून टाकावं.

खेळाचं नाव स्केलेटन. एक लहानशी स्लेड, खाली पोलादाच्या दोन पट्ट्या. ती धरून वाकून पळायचं, तिच्यावर उडी मारून पालथं झोपायचं, डोकं पुढं करायचं आणि डोंगरावरून बर्फाच्या पन्हळीतून खाली यायचं. खांदे आणि गुडघे दाबून वळायचं. हनुवटी बर्फापासून चार बोटं वर. वेग हायवेवरच्या गाडीचा.

हे ऐकलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. ह्याला ब्रेक कुठे असतो, आणि दोह्यात बर्फ कुठे असतो? दोन्हींचं उत्तर एकच आहे. नसतो.

मला त्या पन्हळीतून एकदा अगदी वरच्या टोकापासून खाली यायचं होतं. तीन वर्षं मला दुसरं काही नको होतं. वाटेत दोन वडीलधारे उभे होते. एक अन्वर सर, दुसरे माझे बाबा. सर म्हणायचे, "अजून नाही." बाबा म्हणायचे, "अजिबात नाही."

*

सर मूळ दापोलीकडचे, पण वाढले इथेच. वडील दोह्यात एका व्यापाऱ्याकडे क्लार्क होते. सर मास्टर्स करायला ऑस्ट्रियाला गेले आणि खर्चाला हातभार म्हणून हिवाळ्यात एका बर्फाच्या ट्रॅकवर झाडू मारायचं काम धरलं. रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ सकाळी झाडून काढायचा. दोन हिवाळे त्यांनी तेवढंच केलं.

एक दिवस तिथल्या मुकादमानं त्यांना स्लेडवर पालथं झोपवलं आणि खालच्या एका वळणावरून सोडून दिलं. सर खाली पोचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम म्हणाला, पहिल्याच खेपेला एवढी सरळ गेलेली स्लेड मी पाहिली नाही, तू कुठे बघत होतास?

सर म्हणाले, "मी डोळे मिटले होते."

त्यानंतर सहा हिवाळे ते शर्यतीत उतरले. स्वतःच्या पैशानं, दुसऱ्याची जुनी स्लेड घेऊन. त्यांचा सर्वांत चांगला नंबर बारावा. ही गोष्ट ते नव्या मुलांना फार गंभीरपणे सांगतात. एकदा मी विचारलं, "सर, एकूण किती जण होते?"

"चौदा."

"मग तुमच्या मागे दोघं होते म्हणजे."

"एक पडला. दुसऱ्याची स्लेड विमानातून आलीच नाही."

*

शर्यती सोडून सर परत आले ते स्लेड घेऊनच. विमानतळावर कस्टमच्या माणसानं ती बाजूला काढायला लावली. हे काय आहे, त्यानं विचारलं. सरांनी सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. त्यानं आणखी दोन सहकारी बोलावले. शेवटी तो स्वतःच, युनिफॉर्म घातलेला, त्या चकचकीत फरशीवर ठेवलेल्या स्लेडवर पालथा झोपला.

"असं?"

"हो. हात मागे."

"डोकं पुढे?"

"हो."

"ब्रेक?"

"नाही."

तो उठला, कपडे झटकले आणि सरांकडे नीट बघितलं. "घरी आई आहे?"

"आहे. बाहेर उभी आहे, न्यायला आलीय."

"तिला हे माहीत आहे?"

तिला माहीत नव्हतं. सहा हिवाळे सरांनी आईला ट्रॅकवर झाडू मारतो एवढंच सांगितलं होतं. स्लेड डिकीत मावली नाही. ती मागच्या सीटवर, खालाच्या शेजारी आली. आम्ही सगळेच सरांच्या आईला खाला म्हणतो. अबू हमूरच्या घरी पोचेपर्यंत खालानं त्या पट्ट्यांवरून हात फिरवून पाहिला, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलली, "आणि मी सगळ्यांना सांगत होते, माझा झीलग्या साफसफाई करतो."

स्लेड आता त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी असते. खालानं तिला क्रोशाचं कव्हर विणलंय.

*

सरांची नोकरी लिफ्टच्या कंपनीत आहे. उंच बिल्डिंगांत फिरून लिफ्टचे ब्रेक तपासायचे. हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, खरंच तसं आहे.

संध्याकाळी ते अबू हमूरच्याच एका खेळाच्या हॉलमध्ये शाळेच्या पोरांना पळायला शिकवायचे. पहिल्या तीस मीटरांत शरीर कसं सुटतं ते त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगत नाही. मी पुण्याला कॉलेजात असताना दोनशे मीटर पळायचे. दोह्याला परत आल्यावर एका शाळेत स्पोर्ट्स असिस्टंट म्हणून लागले आणि आमची पोरं घेऊन त्या हॉलवर गेले. पोरं महिनाभरात कंटाळली. मी राहिले.

पळायच्या सरावाला चाकांची स्लेड आणि रूळ लागतात. ते केले शिवाजीमामांनी. मामा तासगावकडचे, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात आहेत, समुद्राकाठच्या समैस्मातल्या व्हिलांचे स्टीलचे जिने आणि कठडे पॉलिश करतात. त्यांच्या हातचा कठडा आरशासारखा असतो, आणि हे ते स्वतःच सांगतात.

सरांनी एकदा त्यांना आपल्या स्लेडच्या पट्ट्या पॉलिशला दिल्या. बारीक कागदानं, हातानं, हळूहळू, असं तीनदा बजावलं. मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या मखमली फडक्यात गुंडाळून आणल्या.

"बघा सर. नख लावून बघा, कुठं अडकतंय का."

सरांनी नख लावलं. कुठेच अडकलं नाही. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, इथे मागच्या बाजूला खाच होती."

"होती की. दोन्हींना होती. कुणीतरी चरे पाडून ठेवले होते. वेल्डिंगनं भरून काढले आणि वरून बफ मारला."

"त्या खाचेनंच स्लेड वळते, मामा."

मामांना खरंच वाईट वाटलं. पण चूक कबूल करणं त्या पिढीला जमत नाही. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं ना. एवढी भारी वस्तू, तिला चरे बघवतात का कुणाला?"

त्याच मामांनी नंतर वर्कशॉपच्या मागच्या आवारात रूळ टाकून दिले, टोकाला जुन्या गाद्या उभ्या केल्या. शुक्रवारी पहाटे आम्ही तिथे सराव करायचो. ऑगस्टमध्ये पहाटेसुद्धा लोखंड हातात धरवत नाही. स्लेडवर उडी मारली की पोटाला चटका, उतरताना कोपराला चटका. एक दिवस चौघांच्याही हातांवर मलम लावता लावता मामा म्हणाले, "सव्वीस वर्षं आखातात आहे. बर्फाच्या खेळात भाजलेली माणसं पहिल्यांदा बघतोय."

*

बर्फ नाही म्हटल्यावर उरलेलं सगळं डोक्यात करायचं. ऑस्ट्रियातल्या त्या ट्रॅकला चौदा वळणं आहेत. सर स्टॉपवॉच घेऊन बसणार, आम्ही त्यांच्या घरच्या हॉलमध्ये गालिच्यावर पालथे, डोळे मिटून, हात मागे. सर म्हणणार, "यल्ला," आणि प्रत्येकानं मनातल्या मनात पूर्ण ट्रॅक उतरायचा. एकावर डावा खांदा, दोनवर सैल, तीनवर उजवा गुडघा. खाली पोचलं की हात वर. जगातले खरे खेळाडूही असंच करतात. फक्त ते नंतर उठून बर्फावर जातात.

मला ह्याचा संताप यायचा. मी विचारायचे, "सर, बर्फ कधी?" सर म्हणायचे, "आज तू दोन सेकंद लवकर पोचलीस. म्हणजे एक वळण गाळलंस. कुठलं?" आणि खरंच गाळलेलं असायचं.

तर एकदा आम्ही चौघं असे पडलेलो असताना खालाकडे दापोलीच्या दोन बायका आल्या. दारातून त्यांनी पाहिलं ते असं, की गालिच्यावर चार धडधाकट माणसं पालथी पडलीत, डोळे मिटलेले, माना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, आणि अन्वर घड्याळ बघत शेजारी बसलाय.

एकीनं हळूच विचारलं, "काय गो झालं ह्यांना?"

खाला चहाचं आधण ठेवायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "काय नाय. ऑस्ट्रियाला गेलीत. येतील मिनटात."

*

वजनाचा प्रश्न माझ्या आईनं घरगुती केला. स्लेड आणि माणूस मिळून जितकं वजन चालतं, त्याच्या मी बरीच खाली होते. हलकं माणूस हळू जातं. सर आमच्या अल हिलालच्या फ्लॅटवर आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तन्वीनं सहा किलो वाढवायला हवं."

आई दहावीपासून मला पोळीवर तूप लावू देत नाही. ती म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात नाशिकचे लोक बघायला येतायत."

मी म्हणाले, "मला नाही बघायचं त्यांना."

"तुला कुणी विचारलंय?" आई म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लावायला हरकत नाही.

सरांनी तोडगा काढला. वजन अंगावर नको असेल तर स्लेडवर लावता येतं. शिशाच्या पट्ट्या असतात, स्क्रूनं बसवायच्या, नको तेव्हा काढायच्या.

"हे लग्नाआधी ठाऊक असतं," आई म्हणाली, "तर मला काटकुळी म्हणणाऱ्या ह्यांच्या आईला तेवढंच समाधान मिळालं असतं."

नाशिकचे लोक येऊन गेले. त्यांच्या मुलानं विचारलं, तुमचे छंद काय? मी सांगितलं. ते चहाला थांबले, जेवायला थांबले नाहीत.

*

दोह्यात एका मॉलमध्ये खोट्या बर्फाचा पार्क आहे. आम्ही चौघं एकदा सरांना आग्रहानं घेऊन गेलो. म्हटलं, निदान गारठा तरी अंगाला लागू दे. तिथे रबरी ट्यूबवर बसून घसरायची एक घसरगुंडी आहे, उंची आमच्या जिन्याएवढी. आम्ही दहा वेळा घसरलो. सर खाली सगळ्यांची जॅकेटं धरून उभे.

"सर, एकदा तरी."

"माझी पाठ धरलीय."

"चार वर्षांची मुलं घसरतायत, सर."

"त्यांची पाठ चांगली आहे."

आम्ही परत येताना गाडीत त्यांची खूप टिंगल केली. मीच सगळ्यांत जास्त केली. सर आमच्याबरोबर हसत होते.

पुढच्या आठवड्यात खालाच्या स्वयंपाकघरात मी तोच किस्सा रंगवून सांगायला लागले. खाला मासे साफ करत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "त्याची शेवटची शर्यत झाली ना, त्यात तो वरनं सुटला आणि मधेच उलटा झाला, बाय. स्लेड अंगावर. तसाच खालपर्यंत आला. हाड मोडलं खांद्याचं."

"सर कधी बोलले नाहीत."

"माझ्याशी तरी कुठे बोलला? इथे डॉक्टरनं फोटो काढला आणि मला विचारलं, हे जुनं मोडलेलं आहे, कधीचं? मी म्हटलं, साफसफाईचं असेल." तिनं सुरी धुतली. "त्या दिवसापासून तो गाडीवर झोपला नाय. ती हॉलमधली पण नाय. नऊ वर्षं झाली."

मी आठवून पाहिलं. पळून दाखवायचे, वाकून दाखवायचे, उडीसाठी मात्र नेहमी आमच्यापैकी कुणालातरी पुढं करायचे. तीन वर्षांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

*

अखेर सरांनी एका संध्याकाळी "अजून नाही" म्हणायचं सोडलं. माझा मनातला ट्रॅक आणि घड्याळ सलग वीस दिवस जुळलं होतं. हिवाळ्यात दोघांना ऑस्ट्रियाला न्यायचं ठरलं, त्यात मी होते. उरले बाबा.

मी पंचवीस वर्षांची आहे. पण इथे राहते ती बाबांच्या स्पॉन्सरशिपवर, त्यामुळे व्हिसाच्या फाइलला त्यांचं ना-हरकत पत्र हवं. कायद्यानं मी सज्ञान आहे, कागदानं जाधवसाहेबांची मुलगी.

बाबा कन्स्ट्रक्शन कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. ते "अजिबात नाही" म्हणाले तरी कारण न लिहिता म्हणत नाहीत. ते सरांच्या घरी आले ते क्लिपबोर्ड आणि रिस्क असेसमेंटचा फॉर्म घेऊन. खालानं पुढे केलेली शीरखुर्म्याची वाटी त्यांनी फॉर्म भरून होईपर्यंत बाजूला ठेवली.

"ब्रेक?"

"नाही."

"बेल्ट?"

"नाही."

"इमर्जन्सी स्टॉप?"

"खाली चढ आहे. तिथे स्लेड थांबते."

"आपोआप?"

"आपोआप."

बाबांनी त्या रकान्यात 'चढ' असं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "सर, आमच्या साइटवर एक नियम आहे. नवीन खड्डा असो, नवीन परांची असो, आधी सुपरवायझर उतरतो. स्वतः. मग लेबर. मी वीस वर्षं आधी उतरतोय. तुम्ही तिच्याआधी वरून जाणार असाल तर मी पत्र देतो. वर पोचलात की जायचं, खाली आलात की मला फोन करायचा, आणि मग ती."

मी भडकले. म्हणाले, "बाबा, हा खड्डा नाहीये. आणि सर आता खेळत नाहीत, ते कोच आहेत. तुमच्या साइटचे नियम सगळीकडे कशाला?"

"तू मधे बोलू नकोस," बाबा म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस," सरही म्हणाले. आणि त्यांनी फॉर्मवर सही केली. खाला दारात उभी होती. ती आत निघून गेली.

*

ऑस्ट्रियात पहिले आठ दिवस मी खालून गेले. आधी शेवटच्या चार वळणांवरून, मग मधून. वर्णन करत नाही, जमणार नाही. एवढंच सांगते, की गालिच्यावर कानात वारा नसतो आणि हेल्मेट बर्फाला घासत नाही.

नवव्या दिवशी वरच्या टोकाचा नंबर होता. सकाळी सरांनी ब्रेडचा तुकडा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. मी म्हणाले, "सर, सांगून टाका ना गेलो म्हणून. बाबा काय इथे बघायला येणार आहेत?"

"सही केलीय."

"एका कागदावर. घरात."

"सहीच ती."

त्यांनी माझीच स्लेड घेतली, हेल्मेट तिथल्या एका कोचकडून मागून आणलं. वरच्या लाकडी खोलीत मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते पळाले, अगदी आम्हाला शिकवतात तसे, आणि झोपले. मग नुसता आवाज, लांब जाणारा. भोंग्यावरून जर्मनमध्ये मधले वेळ सांगत होते. माझ्या मनात वळणं आपोआप मोजली जात होती. सहाव्याला ते माझ्या मोजण्याच्या मागे पडले, दहाव्याला बरेच मागे. मग भोंग्यावर शेवटचा आकडा आला. पोचले होते.

ट्रकनं त्यांना स्लेडसकट वर आणलं. हनुवटी खरचटली होती, ओठ पांढरे. हातमोजा काढता येईना, म्हणून म्हणाले, "फोन लाव." मी लावला आणि स्पीकरवर टाकला. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला. ते साइटवर होते, मागे ड्रिल चालू होतं.

"जाधवसाहेब, गेलो. वरून."

"लागलं?"

"नाही. थोडं खरचटलं."

"मग?"

सर बाकावर बसले. "खरं सांगू? मला वाटत होतं, मला सगळं आठवतंय. चौथ्या वळणापासून काही आठवेना. मी नुसता धरून होतो. तुम्ही नको म्हणत होतात ना, ते बरोबर होतं. मला आज कळलं."

मी फोन हिसकावून घ्यायला हात पुढे केला. सरांनी तो माझ्यापासून लांब धरला. तीन वर्षं, शिशाच्या पट्ट्या, भाजलेली कोपरं, सगळं त्यांनी दोन वाक्यांत घालवलं होतं. बाहेर स्टार्टर माझं नाव पुकारत होता.

तिकडे ड्रिल थांबलं. कुणीतरी लांबून हिंदीत काहीतरी विचारलं, बाबांनी त्याला थांब म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. "स्वतः उतरलात आणि खरं सांगितलंत. मग आता तिला जाऊ द्या."